आडवी बाटली आणि उभी व्यवस्था

दारूच्या प्रश्नावर मराठीत प्रामुख्याने दोन प्रकारची माणसे लिहीत आली आहेत. पहिली नीतिवादी. त्यांच्या मते दारू हे पाप आहे, पिणारा पापी आहे, आणि हा पापी माणूस बहुधा झोपडपट्टीत, महारवाड्यात, पारधी बेड्यावर किंवा आदिवासी पाड्यावर राहतो. दुसरी माणसे स्वातंत्र्यवादी. माणसाने काय प्यावे हे सरकारने ठरवू नये, बंदीने चोरटा धंदा वाढतो, महसूल बुडतो, असे त्यांचे म्हणणे असते. या दोघांचा वाद वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि अलीकडे दूरचित्रवाणीच्या चर्चांतून अखंड चालू आहे. दोन्ही बाजूंचे लोक सुशिक्षित आहेत, सज्जन आहेत. मात्र या दोघांपैकी कोणाच्याही दाराच्या समोर देशी दारूचे दुकान नाही.

ज्या बाईच्या दारासमोर ते आहे, तिचे म्हणणे या वादात कोठे येते? ते लेखात येत नाही, चर्चेत येत नाही. पण महाराष्ट्रात एक जागा अशी आहे की जेथे ते येऊ शकते, आणि नुसते येऊन न थांबता कायद्याचे रूप घेऊ शकते. ती जागा म्हणजे गावातील किंवा वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणारे मतदान. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नसते, पक्षाचे चिन्ह नसते. दोन चित्रे असतात : एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद करा. ज्या बाईला आयुष्यात एक अक्षर शिकू दिले गेले नाही, तिलाही ही मतपत्रिका वाचता येते. लोकशाहीने तळच्या बाईसाठी काढलेले इतके सोपे चित्र माझ्या माहितीत दुसरे नाही.

म्हणूनच या मतदानाकडे आपण गंभीरपणे पाहिले पाहिजे. नशेच्या धोरणात जात आणि वर्ग कसे वावरतात, आणि खालच्या माणसाच्या मताची किंमत ही व्यवस्था कशी ठरवते, याचे उत्तर या दोन बाटल्यांच्या मधल्या जागेत आहे, असे माझे मत आहे.

१

प्रथम नियम पाहू. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील किंवा वॉर्डातील एकूण स्त्री मतदारांपैकी, अथवा एकूण मतदारांपैकी, २५ टक्के मतदारांनी सह्या करून दुकान बंद करण्याची मागणी करावी लागते. त्या सह्यांची पडताळणी होते. पडताळणीत सह्या टिकल्या तर गुप्त मतदान होते. आणि दुकान बंद होण्यासाठी, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

वाचकांनी या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावे. समजा, एका गावाच्या यादीत १००० स्त्रिया आहेत. मतदानाच्या दिवशी त्यांतल्या ६०० आल्या. ४९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १०० जणींनी उभीवर, १० मते बाद झाली. कोणत्याही निवडणुकीत ४९० विरुद्ध १०० म्हणजे प्रचंड विजय. येथे मात्र तो पराभव आहे. ५०१ मते हवी होती. ज्या ४०० जणी आल्याच नाहीत त्यांची मोजणी दुकानदाराच्या बाजूने झाली.

आणि न आलेल्या ह्या ४०० कोण असतात? मेलेल्या असतात, पण यादीतून त्यांचे नाव गेलेले नसते. लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या लेकी असतात. पुण्या-मुंबईला घरकामाला गेलेल्या असतात. मराठवाड्यात तर दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते. एका गावी अशा मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा होतो. एक म्हातारी मत देऊन बाहेर आली आणि मला म्हणाली,

"सर, माझी सून तोडीला गेलीय. तिचं मत म्या टाकू का?"

"नाही मावशी, तसं चालत नाही."

"मग तिचं मत कुणाला जाईल?"

नियमाप्रमाणे उत्तर एकच होते. तिची सून कारखान्याच्या फडात कोयता चालवत असताना तिचे मत उभ्या बाटलीला जाणार होते. जी दारू तिच्या नवऱ्याची उचल संपवते त्या दारूच्या बाजूने, तिला न विचारता. मी हे त्या म्हातारीला सांगितले. ती काही बोलली नाही. त्या दिवशी त्या गावातील दुकान उघडे राहिले.

आमदार, खासदार, सरपंच यांना ही अट कोणी घातली आहे काय? मतदारसंघाच्या एकूण यादीच्या निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर जागा रिकामी राहील, असा नियम उद्या केला तर विधानसभेच्या किती खुर्च्या भरतील? ज्यांना स्वतःला तीस-पस्तीस टक्क्यांत सत्ता मिळते त्यांनी वस्तीतल्या बाईसाठी पन्नास टक्क्यांची भिंत बांधली आहे. आणि ही भिंत बांधून वर ते म्हणतात की, पाहा, आम्ही महिलांना अधिकार दिला.

सह्यांच्या पडताळणीविषयीही बोलले पाहिजे. अधिकारी येतो, एकेका बाईला बोलावून विचारतो, ही सही तुझीच का? अंगठा तुझाच का? हे विचारताना भोवती कोण उभे असते? दुकानाचा माणूस, त्याच्या पैशावर पोसलेली चार पोरे, कधी खुद्द नवरा. शेताची मजुरी, रेशनचा शिधा, घरकुलाचा अर्ज, हे सगळे ज्यांच्या हाती आहे त्यांचा आणि दुकानाचा संबंध गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. अशा वेळी होय म्हणणे हे धैर्याचे काम आहे. शेकडो गावांत बायांनी हे धैर्य दाखवले आहे आणि बाटली आडवी केली आहे. त्यांच्या नावाचे पुतळे झाले नाहीत. ते होण्याची त्यांनी वाटही पाहिलेली नाही.

२

आता दुसऱ्या टोकाकडे पाहू. मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील गाळ्यात नवे बिअरचे किंवा दारूचे दुकान काढायचे असेल तर त्या सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचे राहील. निर्णय चांगलाच आहे. माझी तक्रार निर्णयाविषयी नाही, मोजमापाविषयी आहे. सोसायटीला दुकान येण्याच्या आधी विचारले जाणार. वस्तीला दुकान आल्यावर, त्याने दोन पिढ्या खाल्ल्यावर, सह्या गोळा करून, पडताळणी सोसून, यादीतल्या मेलेल्यांची मते मिळवून ते हटवावे लागणार. सोसायटीचे मौन म्हणजे नकार. वस्तीचे मौन म्हणजे संमती. एकाच राज्यात नागरिकाच्या मौनाचे दोन अर्थ होतात, आणि कोणता अर्थ लावायचा हे पत्त्यावरून ठरते.

हे आजचे नाही. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरी, पाड्यापाड्यावर होणारे दारूचे गाळप बंद केले आणि मक्तेदाराच्या भट्टीची दारू विकत घेणे भाग पाडले. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले. जंगलातून वेचलेले फूल हा गुन्हा झाला, आणि त्याच आदिवासीने मक्तेदाराच्या दुकानात पैसे मोजून पिणे हा सरकारचा महसूल झाला. आपल्या हातची दारू गुन्हा आणि सरकारमान्य दारू उत्पन्न, ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळावर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातींतील कित्येकांना पोटासाठी हातभट्टीखेरीज दुसरा धंदा समाजाने उरू दिला नाही. नंतर पोलिसांनी त्यांना हातभट्टीसाठी पकडले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आज महाराष्ट्रात दारूचा सारा परवानाधारक व्यापार चालतो तो याच दारूबंदी अधिनियमाखाली. बंदीच्या नावाने विक्रीचे नियमन करणारा हा कायदा आपल्या सामाजिक ढोंगाचे उत्तम उदाहरण आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असेही आपल्याला सांगण्यात आले. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही, पण त्या युक्तिवादाचे काय? द्राक्षाची आंबवलेली ती संस्कृती, आणि मोहाची आंबवलेली तो गुन्हा!

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यातही हीच दृष्टी दिसते. गांजाचा फुलोरा आणि चरस यांवर कडक शिक्षा आहे. पण त्याच झाडाचे निव्वळ पान व्याख्येतून वगळले आहे. पानाची भांग होते, आणि भांग सणाला लागते, देवाला लागते. ज्या नशेला धर्माची मान्यता आहे ती कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवली. मोहाची दारूही आदिवासींच्या देवाला लागते. त्या देवासाठी मुंबई राज्याच्या कायद्याला व्याख्या बदलण्याची गरज वाटली नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला, तेव्हाची गंमत आठवते का? काही राज्यांनी दुकाने हलवण्याऐवजी महामार्गच कागदोपत्री स्थानिक रस्ते करून टाकले. दुकान हलत नाही म्हणून रस्त्याची जात बदलली. आपल्याला जात बदलून मिळावी म्हणून या देशात माणसांनी काय काय सोसले ते आठवावे, आणि या रस्त्यांच्या भाग्याचे कौतुक करावे.

आणि बातम्यांचे काय? ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या एका क्रूझवर पडलेल्या छाप्याची बातमी सगळ्या देशाला पाठ झाली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मजूर होती, रिक्षावाले होते, वस्तीत राहणारी होती. त्यांच्यातल्या एकाचे तरी नाव कोणाला आठवते का?

३

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. मग आम्ही दारूबंदीच्या बाजूचे की विरोधातले? हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. नीतिवाद्यांना वाटते की बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून आपण बंदीच मागितली पाहिजे. स्वातंत्र्यवाद्यांना वाटते की विद्रोही म्हणून आपण बंदीला झुगारलेच पाहिजे. दोघांनीही बाबासाहेब नीट वाचलेले नाहीत.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला पत्र लिहून शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविषयी निषेध नोंदवला. ते नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांचा रोख पिणाऱ्याच्या पापावर नव्हता, दुकान कोणी आणि कशासाठी उघडले यावर होता. प्रश्न दुकानाला विचारायचा, ही दिशा त्यांनी दाखवली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका त्याहून पुढे जाते. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. बंदीने सरकारचे उत्पन्न बुडते आणि दारूचे गाळप घराघरांत शिरते, असा त्यामागचा रोकडा विचार आहे. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आपल्या विरोधकांना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. सरकारी हुकूम वेगळा आणि प्रतिज्ञा वेगळी. हुकूम दुसरा देतो आणि आपण तो भीतीने पाळतो. प्रतिज्ञा आपण घेतो आणि स्वाभिमानाने पाळतो. पंचशीलातील पाचवे शील पोलिसांच्या भरवशावर उभे नाही.

या दोहोंच्या मध्ये तिसरी एक गोष्ट आहे, आणि तिचा उगम संविधान सभेत सापडतो. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी मद्यबंदीचे मार्गदर्शक तत्त्व, जे आज संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात आहे, त्यावर चर्चा झाली. कोल्हापूरचे प्रा. बी. एच. खर्डेकर यांनी त्याला विरोध केला. मद्रासचे दलित सदस्य व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले यांनी पाठिंबा दिला. जयपाल सिंग मुंडा यांनी आदिवासींच्या बाजूने हरकत घेतली : तांदळाची दारू आमच्या धर्मविधीचा आणि शेतीच्या श्रमाचा भाग आहे, तिच्यावर तुम्ही कोण बंदी घालणार? बाबासाहेबांनी मार्गदर्शक तत्त्व मागे घेतले नाही. पण स्वायत्त आदिवासी प्रदेशांत तेथील परिषदांच्या संमतीशिवाय असा कायदा आपोआप लागू होणार नाही, या व्यवस्थेकडे त्यांनी लक्ष वेधले. ती व्यवस्था आज संविधानाच्या सहाव्या अनुसूचीत आहे. न गाळलेल्या दारूवर बंदी घालणारा राज्याचा कायदा स्वायत्त जिल्ह्यात लागू करायचा की नाही हे तेथील जिल्हा परिषदेने ठरवायचे.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्याच्या अंगणातला प्रश्न त्याचा कौल, हे तत्त्व बाबासाहेबांनी मान्य केले. बंदी योग्य की अयोग्य याचे उत्तर दिल्लीने किंवा मुंबईने द्यायचे नाही, जे त्याचे परिणाम भोगतात त्यांनी द्यायचे. उभ्या-आडव्या बाटलीचे मतदान या तत्त्वाचेच लेकरू आहे. प्रतिज्ञा ही एका माणसाची असते. मत ही सगळ्या वस्तीने मिळून घेतलेली प्रतिज्ञा असते. म्हणून मी बंदीच्या बाजूचा नाही आणि विरोधातलाही नाही. मी मताच्या बाजूचा आहे.

४

वरून आलेल्या बंदीचे काय होते ते चंद्रपूरने दाखवून दिले. त्या जिल्ह्यातल्या बाया वर्षानुवर्षे लढल्या. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानसभेवर त्या पायी चालत गेल्या. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी ठराव केले. अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. बंदी करणारे सरकार एका युतीचे होते, उठवणारे दुसऱ्या आघाडीचे. कारणे सांगितली गेली : चोरटी दारू वाढली, गुन्हे वाढले, बायका-मुले त्या धंद्यात ओढली गेली. ही कारणे खोटी होती असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, ज्या बाया चालत गेल्या होत्या त्यांना बंदी उठवण्यापूर्वी कोणी मतपत्रिका दिली काय? दुकान बंद करायला पन्नास टक्के मते लागतात. सहाशे दुकाने पुन्हा उघडायची असोत की सहा, एकाही बाईचे एकही मत लागत नाही.

त्या निर्णयामागे महसुलाचा विचार होता हे उघड आहे. जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरील शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. हा पैसा कोणाच्या खिशातून येतो? श्रीमंत माणूस महाग दारू पितो, पण त्याच्या उत्पन्नाचा तो छोटा तुकडा असतो. देशीचा पाव विकत घेणाऱ्याच्या दिवसाच्या मजुरीतून निघणारा तुकडा मोठा असतो. वस्तीच्या मजुरीतून उचललेल्या या पैशातला किती भाग व्यसनमुक्ती केंद्राच्या रूपाने वस्तीत परत येतो, हे वाचकांनी आपापल्या तालुक्यात जाऊन पाहावे. दुकान चालत गाठता येते. उपचारासाठी जिल्ह्याचे गाव गाठावे लागते.

नुसत्या मतानेही भागत नाही, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकता येईल. तेथे अशा प्रश्नांवर लोकांचे थेट मत घेण्याची जुनी रीत आहे, आणि तेथील काळ्या माणसाला नशेच्या कायद्याने जे सोसायला लावले त्याचे आपल्याशी नाते आहे. १९८६ च्या कायद्याने तेथे ५ ग्रॅम क्रॅकसाठी जी किमान शिक्षा ठेवली, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरसाठी. वस्तू एकच. क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेली ती बहुतांशी काळी माणसे. शंभरास एक हे प्रमाण २०१० मध्ये अठरास एक झाले. समान झाले नाही.

ज्या ओकलंड शहरात १९६६ मध्ये ब्लॅक पँथर जन्मला, आणि ज्याच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या शहराच्या मतदारांनी २००४ मध्ये कौल दिला की प्रौढांच्या गांजाचा पाठलाग हे पोलिसांचे सर्वांत शेवटचे काम असावे. २०१७ मध्ये तेथील नगरपालिकेने गांजाविक्रीच्या परवान्यांत, गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना आणि पोलिसांचा जाच सोसलेल्या वस्त्यांतील रहिवाशांना वाटा राखून ठेवला. कालचा गुन्हा आज धंदा होणार असेल तर काल ज्याने तुरुंग भोगला त्याला त्या धंद्यात जागा हवी, हा न्याय आहे. भांडवलाअभावी त्यांतले अनेक जण अडचणीत आले, हेही खरे. पण आपल्याकडे मोहाची दारू उद्या सुंदर बाटलीत भरून विकली गेली, तर परवाना कोणाच्या नावावर असेल हा प्रश्न तरी कोणी विचारला आहे काय?

ओरेगॉन राज्याची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील ५८ टक्के मतदारांनी ठरवले की, स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणाऱ्याला तुरुंगात न टाकता उपचाराकडे न्यावे. मत उदार होते. शिक्षा फेब्रुवारी २०२१ मध्ये लगेच थांबली, पण उपचाराचा पैसा संस्थांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. दरम्यान फेंटॅनिलची लाट आली, रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली, लोक वैतागले. २०२४ मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा फिरवला आणि १ सप्टेंबरपासून तो पुन्हा गुन्हा झाला. शिक्षा काढून घेतली आणि तिच्या जागी काही उभे केले नाही, तर लोकांचा कौलही टिकत नाही. आपल्याकडे दुकान बंद झाले आणि उपचार आला नाही, तर पिणारा हातभट्टीकडे जातो. मग तेच नीतिवादी आणि तेच स्वातंत्र्यवादी एका सुरात म्हणतात, पाहा, या लोकांना कळतच नाही.

५

हे 'या लोकांना कळत नाही' कोठून येते, याचा शोध आपल्या साहित्यातही घ्यावा लागेल. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने मराठी मध्यमवर्गाला शंभर वर्षे रडवले. त्यातला सुधाकर वकील आहे, बुद्धिमान आहे, मानी आहे. तो दारूने नासतो म्हणून ती शोकांतिका होते. तळीराम आणि त्याची मंडळी पितात, ते विनोदासाठी. नाटककाराच्या प्रतिभेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण पिणाऱ्या माणसाला शोक मिळायचा की हसू, हे त्याच्या सामाजिक उंचीवरून ठरते, हा संस्कार मराठी मनावर खोल आहे. खालच्या वस्तीतला दारुडा हा मराठी कथेत वर्षानुवर्षे वातावरणनिर्मितीसाठी आला. त्याचे पिणे हा त्याचा स्वभाव. सुधाकराचे पिणे ही त्याची नियती!

दलित लेखकांनी हे मोडले. बाप पितो आणि आई मार खाते, हे त्यांनी लपवले नाही. पण तो बाप मेलेले ढोर ओढतो, गटारात उतरतो, दिवसभर दगड फोडतो, हेही त्याच पानावर लिहिले. तरीही एक काम राहिले आहे, असे मला वाटते. आपल्या लेखनात मार खाणारी आई पुष्कळ आली. सह्या गोळा करणारी, पडताळणीत अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणारी, आडव्या बाटलीवर शिक्का मारून घरी जाऊन पुन्हा मार खाणारी बाई अजून पुरेशी आलेली नाही. ती सोसणारी आहे तशी कर्तीही आहे. तिच्याकडे करुणेने पाहण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. ती सवय सोडली पाहिजे.

आणि तिच्याच शेजारी दुसरी एक बाई आहे. ती विधवा आहे, तिला जमीन नाही, ती चूल पेटवून हातभट्टी लावते आणि त्यावर मुले शिकवते. आडव्या बाटलीचा मोर्चा तिच्याही दारावर जातो. या दोघी एकमेकींच्या शत्रू नाहीत. एकीचा संसार दारूने मोडला आणि दुसरीचा दारूवर उभा करायला व्यवस्थेने भाग पाडले. जी चळवळ पहिलीला मत देते आणि दुसरीला फक्त पोलीस देते, ती अर्धीच चळवळ आहे.

तेव्हा मागणी काय करायची? माझ्या दृष्टीने चार गोष्टी आहेत. यादीवरच्या नव्हे, झालेल्या मतदानाच्या बहुमताने दुकान बंद व्हावे. जेथे लोकांच्या लढ्याने बंदी झाली तेथे ती उठवायची असेल तर त्याच लोकांचे मत घ्यावे, मंत्रिमंडळाचे नव्हे. सोसायटीला जे आधी विचारता ते वस्तीलाही आधी विचारावे. आणि दारूच्या महसुलाचा ठरलेला वाटा, ज्या वस्तीतून तो गोळा होतो तेथेच उपचारासाठी आणि हातभट्टीवर जगणाऱ्या बायांच्या दुसऱ्या रोजगारासाठी खर्च व्हावा.

यांतली एकही मागणी कोणाला पिऊ नको असे सांगत नाही. पिणे न पिणे हा प्रतिज्ञेचा प्रश्न आहे आणि ती ज्याची त्याने घ्यायची आहे. दुकान कोठे असावे हा मताचा प्रश्न आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे मत तिला न विचारता उभ्या बाटलीच्या खात्यात टाकणारा नियम जोपर्यंत शासनाच्या आदेशात आहे, तोपर्यंत या राज्यात नशाबंदीवर बोलण्याचा अधिकार सरकारला नाही, आणि व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलण्याचा अधिकार त्याच्या टीकाकारांनाही नाही. आधी तो नियम आडवा झाला पाहिजे.